वरून ओतलेलं पाणी

१६ जून १९६८, रविवार

विशाखाला आणलं.

सकाळच्या बसने मी आणि हे नागपूरला, इंदोऱ्याला गेलो. जाऊबाईंनी तिचे कपडे जुन्या लुगड्याच्या तुकड्यात बांधून ठेवले होते. मोठे भाऊजी अंगणात खाटेवर बसून होते. 'आले का' एवढंच म्हणाले. विशाखा ओसरीवर बिड्यांचं सूप मांडीवर घेऊन बसली होती. नऊ वर्षांची आहे, पण बोटं बाईमाणसासारखी चालतात. जाऊबाई पानाची नळी वळतात, ती नखाने तोंड दुमडते. आम्ही समोर उभे राहिलो तरी तिने हातातली बिडी पुरी केली, मग सूप खाली ठेवलं.

निघताना जाऊबाईंना म्हणाली, "मोठीमाय, मंगळवारी वापस येतो ना मी?"

"शाळा सुरू होऊ दे वं. मंग पाहू."

बसमध्ये रडली नाही. कोराडी मागे पडल्यावर चिमण्या दिसू लागल्या, तेव्हा विचारलं, ही कायची गिरणी आहे. हे म्हणाले, विजेची. ती म्हणाली, "मंग बायका काय काम करतात इथं?"



१७ जून

सॅनिटोरियममध्ये रोज सकाळ-संध्याकाळ ताप लिहायचा नियम होता. ती सवय सुटत नाही. आज ९८.२.

ती चार वर्षांची होती तेव्हा माझ्या थुंकीतून रक्त पडलं. दुसऱ्या दिवशी जाऊबाई येऊन तिला घेऊन गेल्या. दीड वर्षात परत नेईन, असं मी म्हणाले होते. मग एकदा बरी होऊन पुन्हा आजारी पडले, मग ऑपरेशन झालं. पाच वर्षं गेली. जानेवारीत डॉक्टरांनी कागद दिला की जंतू नाहीत, चारचौघांसारखं राहा. एप्रिलमध्ये हे क्वार्टर मिळालं. दोन खोल्या आहेत. नळ चार घरांत एक.

कॉलनीत सगळ्यांना ठाऊक आहे की मी अमरावतीला ट्रेनिंगला होते. यांनीच तसं सांगितलं. विशाखालाही तेच सांगितलेलं आहे. काल रात्री यांनी पुन्हा बजावलं, पोरीजवळ आजाराचं नाव काढायचं नाही. पोर आहे, नळावर बोलून जाईल.

बरोबरच आहे.

१९ जून

माझं ताट, वाटी, पेला वेगळे आहेत. बुडाला लाल रंगाचा ठिपका आहे. तिच्यासाठी नवीन ताट-पेला आणला. तिची भांडी माझ्या भांड्यांत मिसळू नयेत म्हणून मी दोन्ही निरनिराळ्या फळ्यांवर ठेवते. तिने माझ्या फळीला हात लावला तर ते भांडं राखेने घासून उकळत्या पाण्यात टाकते. पाणी मी वरून ओतते. तांब्या तिच्या पेल्याला लागू देत नाही. बोलताना तोंड बाजूला करते. ती जवळ येऊन बसली तर मी उठते.

डॉक्टर म्हणाले होते की याची गरज नाही. पण डॉक्टरांच्या घरी ती मुलगी नाही.

२४ जून

ती मला 'तुम्ही' म्हणते. जाऊबाईंना 'तू' म्हणते, भाऊजींनाही. मला बरं वाटलं. त्यांच्याकडे राहूनही मुलीला वळण लागलं आहे.

भाषा मात्र सुधारायला हवी. मले, तुले. मी सांगितलं, 'मला' म्हण. तिने म्हटलं. नंतर दिवसभर काहीच बोलली नाही.

२ जुलै

शाळेत नाव घातलं. तिसरी. बाई म्हणाल्या, वाचन चांगलं आहे, पाठांतर उत्तम. भाऊजींनी शिकवलं असणार. गिरणीतून येऊन ते रोज तिला वाचायला बसवत, असं ती म्हणाली.

घरी पाणी पीत नाही. आठ दिवस झाले, माझ्या लक्षात आलं नव्हतं. पेला भरून दिला की तसाच राहतो. जेवतानासुद्धा नाही. आज शेजारच्या सिंधूताईंनी सांगितलं, "तुमची पोट्टी नळाले तोंड लावून पिते वं. घरी माठ नाही का?" त्या हसत होत्या. मी पण हसले.

संध्याकाळी तिला समजावलं की नळाचं पाणी बाधेल. ती म्हणाली, "बरं." पुन्हा नळावर गेली.

उन्हामुळे असेल. किंवा हट्ट.

७ जुलै

दुपारी मी भाकरी करत होते. ती दाराच्या चौकटीशी उभी होती. खोलीत येत नाही, चौकटीशीच उभी राहते.

"एक इचारू?"

"विचार."

"तुम्ही आपल्यातल्याच ना?"

मला हसू आलं. म्हटलं, मग काय परक्यांतली? तुझी आई आहे मी.

"नाही, म्हंजे दीक्षा घेतली होती ना तुम्ही?"

म्हटलं, घेतली होती. छप्पन साली तुझे बाबा, भाऊजी, जाऊबाई, सगळे होतो मैदानावर. पांढरी साडी नव्हती म्हणून जाऊबाईंनी त्यांची एक मला नेसवली होती.

ती म्हणाली, "मंग मालूम नाही बा," आणि निघून गेली. शाळेत इतिहासाचा धडा चालू असावा.

१३ जुलै

यांनी सलग तिसऱ्या महिन्यात रात्रपाळी मागून घेतली. दिवसा शेजारच्या मोकळ्या क्वार्टरच्या ओट्यावर झोपतात, घरात उकडतं म्हणून. जेवण कॅन्टीनमध्ये होतं. बॉयलरवरून येताना पाण्याची बाटली भरून आणतात. तिथलं पाणी गार असतं, म्हणतात. माझ्यावर कामाचा भार पडू नये म्हणून त्यांची धडपड. फार बोलत नाहीत, पण जपतात.

ताप नाही. वजन ४३.

१८ जुलै

तिच्या दप्तरात पळसाची पानं सापडली. कात्रीने आयताकृती कापलेली. आत माती भरून वळून तोंडं दुमडली होती, दोऱ्याने बांधून पंचवीस-पंचवीसच्या जुड्या केल्या होत्या. मी त्या फेकल्या. म्हटलं, हे काम तू पुन्हा करायचं नाहीस, तंबाखूची धूळ छातीत जाते.

ती म्हणाली, "याच्यात तं माती होती." थोड्या वेळाने म्हणाली, "मोठीमाय म्हनते माह्या हातची जुडी कोनी वापस नाही करत."

२८ जुलै, रविवार

आज जे झालं ते नीट लिहिलं पाहिजे.

अकराच्या बसने जाऊबाई आल्या. कळवलं नव्हतं. पिशवीत कुरोड्या आणि विशाखासाठी रिबिनी. विशाखा धावत गेली आणि त्यांच्या पोटाला मिठी मारून तशीच उभी राहिली. जाऊबाई म्हणाल्या, "सोड वं पोट्टे, पडतो ना मी." तिने सोडलं नाही. तशाच दोघी आत आल्या.

मी पाणी आणलं. पेला जमिनीवर ठेवला आणि तांब्यातून वरून ओतलं. हात तसाच वळला. जाऊबाई पेला उचलायला गेल्या तर विशाखाने त्यांचं मनगट धरलं.

"तू नको हात लावू, मोठीमाय. यायचं भांडं बाटते."

"काय बाटते?"

"भांडं. मी लावला तं राखेनं घासतात. मंग उकळतात. मी इथं पानी नाही पीत, नळावर पितो. चाल, तुले दाखवतो."

तिच्या बोलण्यात राग नव्हता. पाहुण्याला घरची रीत समजावून सांगावी तसं सांगितलं.

जाऊबाईंनी तिला बाहेर पाठवलं. मग माझ्याकडे वळल्या.

"प्रेमिला, सासूबाई या पोरीले काय सांगत होत्या, मालूम आहे ना तुले? गावच्या हॉटेलात खिळ्याले टांगलेला कप, आन वरून ओतलेला चहा. मरेपर्यंत सांगत होत्या. काहून सांगत होत्या? का आपल्या घरी कोनी कोनाले वरून पानी नाही टाकत म्हनून."

मी म्हणाले, आजारामुळे.

"डॉक्टरनं कागद देल्ला ना? तूनंच वाचून दाखवला मले."

"सवय झाली."

"सवय," जाऊबाई म्हणाल्या. "पोरीले सांग मंग. आजच्या आज सांग."

मी म्हणाले, हे नको म्हणतात. कॉलनीत कळलं तर नळावर उभं राहू देणार नाहीत.

जाऊबाईंनी ते पाणी एका दमात प्यायलं. पेला स्वतःच घासला. तीनच्या बसने गेल्या. विशाखा फाटकापर्यंत गेली होती. परत आल्यावर तिला ताप आहे का ते पाहायला मी हात पुढे केला आणि कपाळाच्या थोडा अलीकडेच थांबवला. दीड महिना मी हेच करते आहे.

३१ जुलै

यांना विचारलं. नाही म्हणाले. "दहा वर्षाची नोकरी आहे माही इथं." मी म्हटलं, तिला वाटतं मी तिचा विटाळ मानते. हे म्हणाले, "मोठी झाली की समजंल तिले." बाटली घेऊन ड्युटीवर गेले.

४ ऑगस्ट

यांना न विचारता सांगितलं.

पेटीतून छातीचा फोटो काढला आणि खिडकीच्या उजेडात धरला. डावीकडचा पांढरा भाग दाखवला. म्हटलं, इथे रोग होता. श्वासातून, उष्ट्यातून दुसऱ्याला लागतो. ट्रेनिंगला नव्हते, दवाखान्यात होते. तुला लागू नये म्हणून दूर ठेवलं. भांडी तुझी बाटत नाहीत. माझी बाटलेली आहेत, असं समज.

ती फोटो पाहत होती. "हे तुम्ही?"

"हो."

"हड्ड्या मोजू?"

मोजल्या. डावीकडे दोन कमी भरल्या. म्हटलं, ऑपरेशनमध्ये काढल्या.

"दुखलं?"

"हो."

"आता बरं आहे?"

"आता बरं आहे."

"बाबाले मालूम आहे?"

"हो."

"म्हनून ते घरचं पानी पीत नाही?"

मी सांगितलं, बॉयलरचं पाणी गार असतं म्हणून. ती 'हूं' म्हणाली. कोणाला सांगायचं नाही, हे तिला एकदाच सांगितलं. तिने गळ्याला हात लावून शपथ घेतली.

पाच वर्षांत इतकं हलकं वाटलं नव्हतं. रात्री आम्ही दोघी एका खोलीत झोपलो. मी खाटेवर, ती खाली.

५ ऑगस्ट

सकाळी उठले तर ती अंघोळ करून तयार. शाळेचे कपडे नाहीत, इंदोऱ्याहून येताना घातलेला फ्रॉक. बाकीचे कपडे त्याच लुगड्याच्या तुकड्यात बांधलेले.

"मी जाऊ आता?"

"कुठे?"

"घरी."

मग तिने समजावून सांगितलं. तिला वाटत होतं, तिच्या हातून काहीतरी चुकलं म्हणून तिला इथे पाठवलं. काय चुकलं ते कळत नव्हतं, म्हणून सांगेल ते ऐकत होती. आता कळलं की चूक तिची नव्हती. मला आजार होता, तो बरा झाला. "मंग झालं ना?"

मी तिला शाळेत पाठवलं. रडली नाही. जाताना माठातलं पाणी प्यायली, स्वतः घेऊन.

११ ऑगस्ट

ती घरात पाणी पिते. चौकटीशी उभी राहत नाही, आत येते. माझं ताट माझ्या फळीवर स्वतः ठेवते, ठिपका बघून. मी ठिपके खरवडून काढले तर तिने विचारलं, "आता कसं ओळखू?"

सगळं नीट आहे. रोज सकाळी कपडे बांधते. संध्याकाळी सोडते.

२० ऑगस्ट

खरं लिहायचं तर गैरसमज होता तेव्हा मला बरं होतं. तो दूर केला की ती माझी होईल, असं धरून चालले होते. आता दूर करायला काही उरलं नाही.

हिला परत पाठवू का? काल यांना विचारलं. म्हणाले, "लोक काय म्हनतीन? पोटची पोर घरी राहत नाही, म्हंजे घरात काही तरी आहे." तेही खरं. आणि मी मेले नाही, हे कोणाला तरी पटलं पाहिजे.

हे शेवटचं वाक्य खोडायचं होतं. राहू दे.

३ सप्टेंबर

छातीचा फोटो काढायला नागपूरला गेले होते. तिथून एकटीच इंदोऱ्याला.

जाऊबाई ओसरीवर तेंदूची पानं कापत होत्या. मी म्हटलं, तुम्ही आहात तोवर ती माझ्याकडे राहणार नाही.

"मी काय मरू?"

"तसं नाही. तोडा तिला. थोडं."

त्यांनी पानं कापणं थांबवलं नाही. पत्र्याचा साचा पानावर ठेवायचा, कात्री फिरवायची, पान बाजूला. दहा-बारा पानं झाली असतील.

"कसं तोडू? सांग ना. तू शिकलेली आहे."

भाऊजी आतून म्हणाले, "कौसल्या, पोरगी तिची आहे."

"मालूम आहे मले," जाऊबाई म्हणाल्या. मग मला म्हणाल्या, "दसऱ्याले घेऊन ये."

१ ऑक्टोबर, दसरा

दीक्षेच्या मैदानावर फार गर्दी. पांढऱ्या साड्या, खेड्यांतून आलेले लोक, भाकरी बांधून. विशाखा माझा हात धरून होती, कारण तिथून इंदोऱ्याला जायचं होतं. वाटेत दोनदा विचारलं, "आता किती दूर?"

घर आलं तशी हात सोडून धावली. जाऊबाई दारात होत्या. नवीन लुगडं नेसल्या होत्या. म्हणाल्या, "या. या पाहुणे."

विशाखाला वाटलं, थट्टा आहे. हसली. जाऊबाईंनी सतरंजी अंथरली. "बस वं, उभी काहून?" तिला कपात चहा दिला, बशीसकट. तिने त्या घरात कपात चहा कधी प्यायला नसेल. ती बशी सांभाळत बसली. मग उठून सवयीने कोपऱ्यातलं सूप ओढायला गेली.

"राहू दे," जाऊबाई म्हणाल्या. "पाहुन्यानं हात नाही लावत."

"मी तोंड दुमडतो ना."

"जयवंता दुमडते आता. शेजारची. चांगली दुमडते."

विशाखाने हात मागे घेतला. भाऊजी उठून बाहेर निघून गेले. जेवण झालं. जाऊबाई वाढत होत्या, तिला दोनदा आग्रह केला, "घ्या, लाजू नका." मलाही इतका आग्रह त्यांनी कधी केला नव्हता. मग तिला रुमालात बांधून नव्या फ्रॉकचं कापड दिलं, पाहुण्या मुलीला देतात तसं.

निघताना जाऊबाई बाहेर आल्या नाहीत. आतल्या खोलीचं दार लावून घेतलं होतं. विशाखा दारापुढे थांबली. मी म्हटलं, बस चुकेल. ती एकदा म्हणाली, "जातो मी." आतून उत्तर आलं नाही.

जाऊबाईंनी फार चांगलं निभावलं. मला इतकं जमलं नसतं.

२ ऑक्टोबर

सकाळी कपडे बांधले नाहीत.

९ ऑक्टोबर

भाऊजी कॉलनीत आले होते, यांना भेटायला. म्हणाले, आठ दिवस झाले, कौसल्यानं सूप हातात घेतलं नाही, ठेकेदाराचा माणूस पानं वापस घेऊन गेला. हे म्हणाले, वहिनीची तब्येत दाखवायला पाहिजे. मी पण तेच म्हटलं. विशाखा घरातच होती. तिने भाऊजींना पाणी आणून दिलं, पायाला हात लावला आणि पुस्तक घेऊन बसली. भाऊजींनी तिला एक पान वाचायला लावलं. न अडखळता वाचलं. तिच्या तोंडी आता 'मला', 'तुला' असतं.

१९ ऑक्टोबर

सहामाहीत पहिली आली. संध्याकाळी सिंधूताईंसमोर मला "आई" म्हणाली. असंच, सहज. "आई, दोरी दे." सिंधूताईंना त्यात काही वाटलं नाही. मी दोरी द्यायला आत गेले आणि बराच वेळ मला ती सापडली नाही.

जे सांगते ते करते. उलट बोलत नाही. रुसत नाही. माझ्या पायाजवळ चटई टाकून झोपते. मी झोपेत खोकले तर उठून पाणी देते आणि पुन्हा आडवी होते. बाईंनी शाळेत विचारलं, ही फार शांत आहे, घरी बोलते का? म्हटलं, घरीही शांतच आहे. समजूतदार आहे.

२३ ऑक्टोबर

शाळेला सुटी लागली आहे. मी ठरवलं होतं की आता हरकत नाही, आता पाठवायला भीती नाही. जेवताना म्हटलं, चार दिवस इंदोऱ्याला जाऊन येतेस का? मी सोडून येईन.

ती भाकरीचा तुकडा मोडत होती.

"तिथे कोण आहे?" म्हणाली.

मला वाटलं, तिने ऐकलं नाही. मी पुन्हा सांगितलं, मोठीमायकडे. ती म्हणाली, "नको." मग विचारलं, "भाजी संपवू का? बाबांना ठेवायची आहे?"

जेवणानंतर तिने भांडी घासली. मी जाऊबाईंना पत्र लिहायला घेतलं. भाऊजी वाचून दाखवतील. 'विशाखा रमली' असं लिहिलं. त्याच्या पुढे काही लिहिता येईना. तासभर तसाच कागद समोर ठेवून बसले. ती दिवा जवळ सरकवून गेली.